आधी जुना फिल्टर काढा

जानेवारी २००४ मध्ये दावोसच्या थंडीत बिल गेट्स यांनी जाहीर केलं, की आणखी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न निकालात निघालेला असेल. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हर २००३ या आपल्या मेल सर्व्हरसाठी एक फिल्टर आणला आणि त्याचं नाव ठेवलं इंटेलिजंट मेसेज फिल्टर. हॉटमेलच्या सभासदांनी आपापलं टपाल वाचून ‘हे फालतू, हे कामाचं’ असे जे कौल दिले होते, त्यांवर तो शिकून तयार झाला होता. आलेल्या प्रत्येक मेलला तो शून्य ते नऊ गुण द्यायचा. गुण जितके जास्त, तितका मेल वाया गेलेला.

पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे गेट्स यांच्या मुदतीला तीन महिने उरले असताना, त्याच सर्व्हरसाठी सर्व्हिस पॅक दोन, म्हणजे सुधारणांचा गठ्ठा, आला. तो बसवायला घ्यावा तर सेटअप दारातच उभा: तुमच्याकडे आमचा आधीचा इंटेलिजंट मेसेज फिल्टर आहे, तो काढा, मग या. हुशार म्हणून थाटात आणलेले गृहस्थ दीड वर्षात वाटेतला धोंडा झाले होते, आणि हे सांगत होतं कोण, तर त्यांना आणणारं घरच.

सेटअपचा तो सडेतोडपणा मला अजून आवडतो. आपल्या कचेऱ्यांत ‘आधी जुनं काढा’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही. काढण्यासाठी सही लागते, आणि सही करणाऱ्याला सही राहते याची आठवण असते.

त्या काळी मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॉम्प्युटर खातं सांभाळत होतो. खातं म्हणजे मी, एक जिना आणि जिन्याखालचा सर्व्हर. अख्ख्या मजल्यावर एसी तेवढा सर्व्हरला होता, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सर्व्हरच्या तब्येतीची चौकशी करायला सगळी खाती येऊन जायची. कारखाना जुन्या वळणाचा. हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसवलं तेव्हा मस्टर बंद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सकाळी आधी अंगठा, मग सही, आणि दोन्हींत फरक पडला तर टाइम ऑफिसच्या शिपायाची साक्ष.

अपग्रेड करणं भाग होतं. एक्स्चेंज २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्यांच्या मेलचा साठा १६ गिगाबाइटला टेकला, की डेटाबेस सरळ बंद पडायचा. सर्व्हिस पॅक दोनने ही मर्यादा ७५ पर्यंत वाढवता येत होती. आमचा काटा १५ च्या पुढे सरकला होता. ऑटोकॅडची चित्रं शेजारच्या टेबलावर मेलने जायची, त्यात सुधारणा होऊन पुन्हा मेलने यायची आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन साहेबांनी पाहिलेलं’ अशा नावांनी कायमची राहायची. त्यात दिवाळीला मार्केटिंगवाल्यांनी फटाक्यांच्या आवाजासकट एक पॉवरपॉइंट सर्वांना पाठवलं. सर्वांनी ‘थँक यू, सेम टू यू’ म्हणत ते सर्वांना परत पाठवलं, फटाक्यांसकट.

आमचा फिल्टर मायक्रोसॉफ्टचा नव्हता. दुसऱ्या एका कंपनीकडून तो माझ्या आधीच्या माणसाने विकत घेतला होता. नाव सांगत नाही. त्याच्याही कागदात तेच लिहिलेलं: ही आवृत्ती नव्या पॅकवर चालणार नाही, अपग्रेडच्या आधी काढून टाका. म्हणून मी परवानगीसाठी सोमवारच्या मीटिंगला गेलो.

“काढायचा म्हणजे?” मोठ्या साहेबांनी विचारलं. “चालतोय ना?”

“चालतोय, साहेब.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. बंद पडलेली वस्तू काढायला कुणी ना म्हणत नाही. चालू वस्तू काढा म्हणणाऱ्याकडे मात्र याचा कुठेतरी कट ठरलेला आहे अशा नजरेने पाहिलं जातं.

“काढलास तर व्हायरस येईल,” अकाउंटचे काका म्हणाले.

“काका, व्हायरसचं वेगळं आहे. हा नुसता फालतू मेल अडवतो.”

“तेच ते. काहीतरी येईलच ना?”

परचेसच्या साहेबांनी तोडगा काढला, की मार्च एंड होऊ दे. मार्च एंडनंतर ऑडिट होऊ दे. ऑडिटनंतर आयएसओवाले येऊन जाऊ देत, मग गणपती होऊ देत. या सगळ्या ‘होऊ दे’ना मान दिला, तर शेवटचं होतं तोवर पुढचा मार्च येऊन उभा राहतो.

साहेबांच्या ‘चालतोय ना’वर मी पुढे बरेच दिवस विचार केला, आणि माझं मत पक्कं झालं, की जुन्या फिल्टरचं दुखणं तो बंद पडण्यात नसून तो चालत राहण्यात आहे. बंद पडला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पेटीत लॉटऱ्या आणि परदेशी पदव्या येऊन पडतात, बोंब होते, माणूस धावतो. पण जुन्या नियमांवर इमाने इतबारे चालत राहिलेल्या फिल्टरविरुद्ध तक्रार येत नाही. ज्याची तक्रार असते त्याचाच मेल त्याने अडवलेला असतो.

हे नुसतं भोसरीचं शहाणपण नव्हे. डेन्मार्कमधून ओआरडीबी नावाची एक सेवा चालायची. कुणाचंही टपाल मुकाट्याने पुढे ढकलणाऱ्या ढिल्या सर्व्हरांची ती यादी ठेवत असे. तुमच्याकडे मेल आला की तुमचा सर्व्हर पाठवणाऱ्याचा पत्ता उलटा करून ओआरडीबीला विचारायचा, हा तुमच्या यादीत आहे का? ‘आहे’ म्हटलं की मेलला दारातून परत. डिसेंबर २००६ मध्ये ही सेवा बंद झाली. तुमच्या सर्व्हरच्या मांडणीतून आमचं नाव काढा, असंही सांगून झालं. पण काढणार कोण? चालतंय ना! जगभरचे सर्व्हर त्या बंद दुकानाच्या फळीवर टकटक करत राहिले, आतून उत्तर येत नव्हतं आणि मेल सुखाने पेटीत जात होते. असं सव्वा वर्ष गेलं. मग २५ मार्च २००८ ला ओआरडीबीने प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायला सुरुवात केली: आहे. हा यादीत आहे, तोही आहे, विचाराल तो आहे. ज्यांनी नाव काढलेलं नव्हतं त्यांच्या दारात त्या दिवसापासून सारं जग स्पॅम ठरलं, आणि मग काय, एका दुपारात सगळ्यांना नाव कुठून काढायचं ते सापडलं. मला विचाराल तर हा हिसका थोडा क्रूर आहे, पण सव्वा वर्ष नम्रपणे सांगून जे झालं नव्हतं ते झालं खरं.

दुसरी गोष्ट स्पॅमॲसॅसिनची. हा फुकट मिळणारा आणि सगळीकडे वापरला जाणारा फिल्टर. स्पॅम धाडणारे मेलवर पुढची तारीख टाकतात, म्हणजे तो पेटीत कायम सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. त्यावर उतारा म्हणून एक नियम लिहिला गेला: तारखेतलं साल २०१० किंवा त्याच्या पुढचं दिसलं, तर हा मेल फार लांबच्या भविष्यातून आला आहे असं समजून दंडाचे गुण लावावेत. नियम लिहिला तेव्हा २०१० खरंच लांब असणार. पण १ जानेवारी २०१० उजाडला, आणि नववर्षाच्या शुभेच्छांपासून पगारपत्रकापर्यंत जे जे पाठवलं ते सगळं भविष्यातून आलेलं ठरलं. नेहमीच्या मांडणीत पाच गुणांना मेल स्पॅम होतो. त्यांतले काही ठिकाणी साडेतीनपर्यंत गुण नुसतं साल पाहून पडू लागले. उरलेला दीड गुण इकडून तिकडून जमला, की काम तमाम. आणि कहर म्हणजे या नियमाची दुरुस्ती आदल्याच वर्षी झालेली होती, पण पुढच्या, अजून बाहेर न आलेल्या आवृत्तीत. चालू आवृत्तीपर्यंत ती पोचवायची तेवढी राहिली होती. हे वाचल्यावर मला आमच्या परचेस खात्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

नवं वर्ष हे फिल्टरांना मानवतच नाही. १ जानेवारी २०२२ ला खुद्द एक्स्चेंजमध्येच मेल रांगेत अडकून पडले. तिथला व्हायरस तपासणारा भाग आपल्या आवृत्तीचा आकडा साल, महिना, दिवस असे जोडून लिहायचा. त्या दिवशीचा आकडा झाला २२०१०१०००१, आणि ज्या खान्यात तो ठेवायचा त्या खान्यात २१४७४८३६४७ च्या वरचं मावतच नव्हतं. एकतीस डिसेंबरच्या रात्री हातातला ग्लास खाली ठेवून जगभरची माणसं सर्व्हरकडे पळाली. तातडीचा उपाय काय होता? तपासणी बंद करा.

असो. आमच्या मीटिंगचं शेवटी असं ठरलं, की काढायचा, पण काढण्याआधी त्यात काय काय आहे ते लिहून ठेवायचं. या निमित्ताने मी पहिल्यांदाच त्या फिल्टरचं पोट उघडलं.

आत दोन याद्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. काळ्या यादीत शब्द होते. माझ्या आधीच्या गृहस्थांनी ज्या दिवशी ज्या मेलचा संताप आला त्या दिवशी त्यातला एक शब्द उचलून आत टाकलेला दिसत होता. ‘फ्री’ होता, ‘विनर’ होता, ‘लोन’ होता, ‘अर्जंट’ही होता. आणि यंत्राला शब्द कळत नाही, अक्षरं कळतात. इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना १९९६ मध्ये एओएलचं खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरं अशी बसली होती, की सभ्य माणसाने ती सुटी उच्चारू नयेत. ‘स्पेशालिस्ट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका पुरुषी गोळीचं अख्खं नाव आहे आणि ‘सोशालिस्ट’मध्येही तेच आहे, म्हणजे त्या गोळीचं नाव काळ्या यादीत टाकलं, की कानाचे डॉक्टर आणि समाजवादी दोघेही बाहेर. आपल्याकडे दीक्षितांनी इंग्रजीत स्वतःला एक्सने लिहावं हे उत्तम. जुन्या पद्धतीने के, एस, एच करत गेले, तर शेवटच्या चार अक्षरांवर त्यांचा अर्ज कुठेही अडू शकतो.

भोसरीत आमचं काय अडलं होतं ते अडकवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये सापडलं. आमच्या धंद्यात एक चीज असते, ‘फ्री इश्यू मटेरियल’. मोठी कंपनी कच्चा माल स्वतः देते, आपण नुसती मजुरी लावायची. त्या मालाचं प्रत्येक पत्र या शब्दांनी सुरू होतं आणि घाई असेल तर त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अर्जंट’ असतं. म्हणजे काळ्या यादीतले दोन मानकरी एकाच ओळीत. फोल्डरमध्ये अशी पत्रं एकावर एक पडली होती. पहिल्यात ‘माल पाठवला आहे, पोच द्यावी’, मग ‘पोच मिळाली नाही’, मग ‘वारंवार कळवूनही’, आणि शेवटच्यात भाषा इतकी उतरली होती, की ते एक पत्र मात्र फिल्टरने बरोबर अडवलं असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आमचे परचेसचे साहेब तोवर सांगत फिरत होते, की त्या कंपनीची माणसं पत्रालाही उत्तर देत नाहीत. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे सुकं तसंच राहून ओलंच जळालं होतं.

अडवलेल्या मेलची रोजची यादी कुणालाच जात नव्हती का? जात होती ना. रोज पहाटे न चुकता जात होती. ज्याला जात होती तो माणूस नोकरी सोडून कधीच हिंजवडीला गेला होता, पण त्याची पेटी कुणी बंद केली नव्हती. १६ गिगाबाइटांत त्या याद्यांचाही खारीचा वाटा होता.

पांढऱ्या यादीची कथा आणखी निराळी. या यादीतल्या पत्त्यावरून काहीही आलं तरी तपासणी नाही, सरळ आत. एकदा मोठ्या साहेबांचं एक परिपत्रक, बहुधा त्यातल्या ‘लोन’ या शब्दापायी, फिल्टरने अडवलं होतं. त्यावर खडाजंगी होऊन कंपनीचं स्वतःचं डोमेनच पांढऱ्या यादीत गेलं. आता मेलवर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, हे आपल्याला माहीत नसलं तरी स्पॅमवाल्यांना पाठ असतं. ते तुमचंच नाव लावून तुमच्याकडे येतात. त्यामुळे लोकांना जो मेल बाहेरून कधीच आला नसता तो आमच्याकडे घरातून येत असे, आणि पुरुषी ताकदीच्या गोळ्यांवर ऐंशी टक्के सूट असल्याचं मोठ्या साहेबांना मोठ्या साहेबांच्याच पत्त्यावरून कळत असे. बिचाऱ्यांनी याचा उच्चार कुणाजवळ केला नव्हता. हा आपल्या खुर्चीवर टपलेल्या कुणाचा तरी चावटपणा आहे, अशा समजुतीने ते वर्षभर सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बारकाईने पाहत होते.

मग एका शनिवारी संध्याकाळी काढायला घेतला. ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’मध्ये जायचं, नावावर टिचकी मारायची, ‘रिमूव्ह’ म्हणायचं. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला जाते आणि यशस्वीपणे काढल्याचं सांगते. यावर विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात नवखा समजावा. फिल्टर जातो तो पागडीच्या भाडेकरूसारखा जातो. किल्ली तुमच्या हातात देतो, पण गॅलरीत एक ट्रंक ठेवतो, पत्रं त्याच्याच नावाने येत राहतात आणि लाइटचं मीटर बदललेलं नसतं. एक्स्चेंज २००३ मध्ये मेल आत यायच्या वाटेवर हे फिल्टर आपली एक नोंद अडकवून ठेवत, तिला इव्हेंट सिंक म्हणायचे. पुढच्या आवृत्त्यांत तिथे ट्रान्सपोर्ट एजंट आले. फिल्टरची फाइल उडाली आणि ही नोंद राहिली, की येणाऱ्या मेलच्या वेळी सर्व्हर त्या नसलेल्या माणसाला हाक मारतो. पुढच्या आवृत्त्या तर एवढ्यावर रुसतात, की मेल वाहणारी सेवा सुरूच होत नाही. म्हणून आधी नोंद काढायची, मग फाइल. मग सर्व्हर पुन्हा चालू करायचा आणि पडद्यावर अक्षरं येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. हे शेवटचं कुठल्याही कागदात लिहिलेलं नसतं, पण सगळे पाळतात.

पॅक मुकाट बसला. नवा फिल्टरही सीडीवर तयार होता, फक्त त्याची लायसन्सची किल्ली डीलरकडून यायची होती. डीलर म्हणाला, “आज संध्याकाळी नक्की.” त्या दिवशीची संध्याकाळ त्या वेळी चालूच होती, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी कारखाना फिल्टरविना उघडला. मला वाटलं होतं, लोक माझा जीव घेतील. प्रत्यक्षात मजल्यावर सणाचं वातावरण होतं. ज्यांना आठवड्यात तीन मेल यायचे त्यांना प्रत्येकी साठ आले होते. स्टोअरचे साहेब टाचा उंचावून शेजाऱ्याच्या पडद्यावर पाहत होते, की त्याला आपल्यापेक्षा जास्त आले की काय. क्वालिटीच्या एका मुलाला परीक्षा न देता अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळणार होती आणि तो फी हप्त्यांनी घेतात का याची चौकशी करत होता. अकाउंटचे काका मात्र गंभीर चेहऱ्याने जिन्याखाली आले. हातात प्रिंट. नायजेरियातल्या कुणा दिवंगत जनरलच्या पत्नीने दोन कोटी डॉलर बाहेर काढायला त्यांची मदत मागितली होती.

“काका, हे खोटं असतं.”

“ते मला कळतं रे. पण समजा खरं असतं, तर यावर टीडीएस कोण कापणार? ती की आपण?”

दुपारी किल्ली आली, नवा फिल्टर बसला, आणि मेलची संख्या पुन्हा आठवड्याला तीनवर आल्यावर चार जणांनी तक्रार केली, की मेल बंद पडलाय.

नव्या फिल्टरला शब्दांची काळी यादी नको होती. तो म्हणे आमच्याच टपालावरून आपलं आपण शिकणार. पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रामरने २००२ मध्ये हीच वाट दाखवली होती: शब्दांवर रागावू नका, तुमच्या चांगल्या मेलमध्ये तो शब्द किती वेळा येतो आणि वाईटात किती वेळा, ते मोजा. मोजणी सुरू झाल्यावर ‘फ्री इश्यू मटेरियल’ची पत्रं घरच्यासारखी आत येऊ लागली, आणि परचेसच्या साहेबांना त्यांची उत्तरं द्यावी लागू लागली. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

काळी यादी मी पुसली. पांढरीही पुसणार होतो, तेवढ्यात अकाउंटचे काका पुन्हा जिन्याखाली. या वेळी हातात जुन्या पांढऱ्या यादीचं प्रिंट, समासात पेन्सिलच्या खुणा, खाली मोठ्या साहेबांची सही.

“हे सगळे पत्ते नव्यात घाल.”

मी यादी चाळली. “काका, यांतल्या निम्म्या कंपन्या तर बंद पडल्यात.”

“म्हणूनच सांगतोय. त्यांच्याकडे आपले पैसे अडकलेत. चुकून एखाद्याचा मेल आलाच, तर तो तुझ्या फिल्टरने अडवायला नको.”